बारा चित्रांची शिस्त

(वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



शिक्षकाने भाषणाला उभे राहावे आणि पिशवीतून जुना कॅमेरा काढावा, हे आपणांस थोडे चमत्कारिक वाटेल. हा आहे आग्फा क्लिक-३. मूळ कंपनी जर्मन, पण हा कॅमेरा बडोद्यात तयार होत असे. सभागृहातील वडीलधाऱ्यांनी तो नक्कीच ओळखला असेल. काळा प्लॅस्टिकचा डबा, पुढे एक साधे भिंग, एक शटर आणि फिल्म पुढे सरकवण्याची कळ; बस्स, एवढाच संसार! एका रोलवर चौकोनी चित्रे निघतात फक्त बारा.

कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती आला तो अशाच साधेपणामुळे. ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीचा १८८८ चा पहिला कॅमेरा २५ डॉलरला मिळे. १९०० साली त्याच कंपनीने ‘ब्राउनी’ नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा अवघ्या एका डॉलरला विकला, तोही मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. क्लिकमध्ये जो रोल लागतो तो १९०१ पासून चालत आला आहे आणि आजही तयार होतो. म्हणून हे कॅमेरे केवळ शोभेचे नाहीत. ते आजही चित्र काढतात.

आता माझी एक चूक सांगतो. मी दहा वर्षांचा होतो. दादीला फोटोचा भारी संकोच. एका ईदला अब्बांनी कशीबशी तिची समजूत घातली आणि तिला अंगणात खुर्चीवर बसवले. त्या दिवशी रोल संपत आला होता. चित्र कसे उमटते हे पाहण्याची मला इतकी घाई, की दुपारी कोणी नसताना मी भर उन्हात कॅमेऱ्याची पाठ उघडली. उजेड लागला आणि सारा रोल वाया गेला. अब्बा रागावले नाहीत. “पुढच्या ईदला काढू,” एवढेच म्हणाले. पुढच्या ईदला दादी नव्हती. आज आमच्या घरी तिचा एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा, नखाएवढा.

तेव्हापासून मी जुने साधे कॅमेरे जमवतो. जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे, कधी नातेवाइकांच्या माळ्यावर ते सापडतात. ज्यांना हा छंद लागेल त्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घेताना पाठ उघडून उजेडाकडे धरावे व शटर दाबावे. क्षणभर उजेड चमकला तर शटर चालू आहे असे समजावे. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहावे. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत कोंडून ठेवू नये. कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा. चित्र काढताना सूर्य आपल्या पाठीशी असावा, माणूस तीन-चार पावलांवर असावा. शटर सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागापुरते उघडते, म्हणून श्वास रोखून हात स्थिर ठेवावा.

फिल्म आता महाग आहे, हे खरे. म्हणून मी वर्गात एक युक्ती केली. बारा विद्यार्थी, एक रोल. प्रत्येकाच्या वाट्याला एकच चित्र. कशाचे काढायचे ते ठरवायला आठ दिवसांची मुदत. मोबाईलवर दिवसाला शंभर फोटो काढणारी ही मुले आठ दिवस विचार करत होती! एका मुलाने शिलाई मशीनवर बसलेल्या आपल्या आईचे चित्र काढले. तो मला म्हणाला, “सर, अम्मीचे सगळे फोटो लग्नातले आहेत. काम करतानाचा एकही नाही.” रोल आम्ही विज्ञानाच्या खोलीत अंधार करून धुतला. त्या मुलाने निगेटिव्ह उजेडात धरली तेव्हा तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

ज्यांना एवढाही खर्च झेपत नाही त्यांनी निराश होऊ नये. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम या विद्वानाने अंधाऱ्या जागेच्या छिद्रासमोर अनेक दिवे ठेवले. एक दिवा झाकला की आतील त्याचाच ठिपका नाहीसा होई. प्रकाश सरळ रेषेत जातो हे त्याने असे पडताळून पाहिले. जोड्याच्या रिकाम्या खोक्याला सुईने भोक पाडा, समोरच्या बाजूला पातळ कागद लावा. समोरचे झाड त्यावर उलटे उभे राहील. खर्च काहीच नाही.

पालकांनो, मुलांना महागडे साधन देता आले नाही म्हणून खंत करू नका. साधन थोडे असले की माणूस जपून वापरतो आणि नीट पाहतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या घरातील सर्वांत वयस्कर माणसापाशी बसा. त्यांचे एक चांगले चित्र काढा, छापून घ्या, मागे नाव आणि तारीख लिहा. पुढच्या ईदपर्यंत थांबू नका.