चाक बाहेर सरकवताना

गाडीच्या दोन चाकांमधले अंतर ही काही नजरेला भावते म्हणून ठरवायची गोष्ट नव्हे. बैलगाडीचा सुतार ते वाटेवरच्या चाकोरीकडे पाहून ठरवीत असे. एक चाक चाकोरीत आणि दुसरे बाहेर, अशी गाडी चालली तर हाल बैलांचे. मोटारीला चाकोरी नाही. तिचे अंतर कारखान्यात हिशेब करून ठरते. तरीही जुनी मोटार हौसेने बाळगणारे पुष्कळ लोक ते वाढवू पाहतात. त्यात काय साधते आणि काय बिघडते, ते आज पाहू.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एम-एक्स-फाइव्ह नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्‌स मोटार काढली. वजन सुमारे ९५० किलो. जुन्या इंग्रजी हलक्या मोटारींचा थाट तिने उचलला, आणि ती जगभर इतकी खपली की २०१६ साली या नावाची दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. पहिल्या पिढीतल्या गाड्या आता तीस वर्षांपलीकडच्या झाल्या. त्यांची चाके मडगार्डच्या बरीच आत बसलेली दिसतात. मालकाला वाटते, ती जरा बाहेर आली तर गाडी कशी ऐटबाज दिसेल! मग तो हब आणि चाक यांच्यामध्ये धातूची जाड चकती घालतो. तिलाच स्पेसर म्हणतात.

दिसण्याखेरीज फायदा किती? मोटार वेगाने वळते तेव्हा आतल्या चाकावरचा काही भार बाहेरच्या चाकावर जातो. चाकांमधले अंतर जितके जास्त, तितका हा सरकणारा भार कमी. या गाडीच्या पुढच्या चाकांमधले अंतर सुमारे १४१० मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरची चकती घातली की ते १४५० होते. म्हणजे पूर्वी १०० किलो भार सरकत असेल तर आता सुमारे ९७ किलो सरकेल. शंभरात तीन! शर्यतीत त्यालाही मोल असेल. रोजच्या रस्त्यावर ते चालकाला जाणवणेही कठीण.

आता दुसरी बाजू. चाक हबला जिथे टेकते ती जागा चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर नसते. या गाडीच्या मूळ चाकात ती मध्यापासून ४५ मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे. त्यामुळे चाकाचा मध्य आत, बेअरिंगच्या जवळ येतो, आणि जमिनीकडून येणारा भार बेअरिंगला फारसा न पिळता वर जातो. २० मिलिमीटरची चकती घालताच ४५ चे २५ उरतात, आणि भार तेवढा लांबून लागू लागतो. शिक्षकबंधूंनी वर्गात हे अवश्य करून दाखवावे. पाण्याने भरलेली कळशी मुलाला छातीशी धरायला सांगा, मग हात लांब करून धरायला सांगा. पाणी तेवढेच, पण खांदा लगेच भरून येतो. बेअरिंगचा खांदाही असाच भरून येतो. शिवाय पुढचे चाक बाहेर गेले की ते ज्या रेषेभोवती वळते तिच्यापासून जमिनीवरचा टेका लांब पडतो. स्टिअरिंग जड होते, आणि खड्ड्यात चाक आपटले की हिसका सरळ हातात येतो. तीस वर्षांच्या गाडीची बेअरिंगे आणि रबरी बुशे आधीच थकलेली असतात. चकती घेण्याआधी ती तपासून घ्यावीत, हे माझे स्पष्ट मत.

पण खरा धोका स्टडशी आहे. चाक चार स्टडवर लटकलेले असते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. नट आवळल्याने चाक हबवर घट्ट दाबले जाते आणि त्या दाबातून होणारे घर्षण चाकाला धरून ठेवते. दाब ढिला पडला की चाक हबवर किंचित हलू लागते, स्टड वाकतो-सरळ होतो, वाकतो-सरळ होतो, आणि एके दिवशी तार मोडावी तसा तुटतो. या गाडीचा स्टड १२ मिलिमीटर जाड, आणि दर दीड मिलिमीटरला एक आटा. स्टडच्या जाडीइतकी लांबी तरी नटात बसलीच पाहिजे, म्हणजे आठ आटे. नुसती ५ मिलिमीटरची पातळ चकती घातली तरी तीन आट्यांहून अधिक पकड जाते! म्हणून पातळ चकतीबरोबर लांब स्टड बसवणे आले. वीस मिलिमीटरच्या वरच्या चकत्यांना स्वतःचे स्टड असतात. त्या आधी हबला आवळायच्या, मग त्यांच्यावर चाक. हबच्या मध्यावरचा उंचवटा या गाडीत ५४.१ मिलिमीटर व्यासाचा आहे. चकतीचे भोक त्यावर नेमके बसावे आणि तिला स्वतःचाही तसाच उंचवटा असावा, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि गाडी थरथरते. दोन चकत्या एकावर एक कधीही घालू नयेत. वायसर रचून काम भागवणे तर विचारातही आणू नये.

शेतकरी बंधू म्हणतील, आम्ही ट्रॅक्टरची चाके सरीच्या मापाने आत-बाहेर करतोच की! खरे आहे. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात तयार झालेल्या फर्ग्युसन टी-ई-२० ट्रॅक्टरची मागची चाके ४८ इंचांपासून ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांनी सरकवता येत. पण ती सोय कर्त्यानेच ठेवलेली होती. रिम आणि तबकडी उलटसुलट बसवायची, आणि आसही त्या हिशेबानेच घडवलेला. मोटारीत मागाहून घातलेल्या चकतीला हा आधार नसतो.

कायद्याचेही पाहावे लागते. जर्मनीत अशा चकत्यांना मान्यताप्राप्त तपासणी संस्थेची मंजुरी लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. तेव्हा गाडी कोणतीही असो, आधी परिवहन कार्यालयात विचारावे.

इतके करूनही बसवायचीच असेल तर गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. चाकांना अडण लावा, आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका. खाली घोडी द्या. हबचा गंज तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत काढा. गंजाचा पापुद्रा राहिला तर तो पुढे चुरडतो आणि नट आपोआप ढिले होतात. आट्यांना तेल लावू नका. नट समोरासमोरचे, आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एक मीटर लांबीचा आडवा दांडा धरून त्याच्या टोकाला दहा किलो वजन लटकवावे, साधारण तेवढा पीळ या गाडीच्या चाकाच्या नटाला पुरतो. टॉर्क पान्यावर तो ९८ न्यूटन-मीटर दिसेल. चकतीच्या आतल्या नटांना मात्र तिच्या कर्त्याने दिलेलेच माप लावावे. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पुरते फिरवून टायर कुठे घासतो का ते बघा, गाडीत माणसे बसवून पुन्हा बघा.

ऐंशी-शंभर किलोमीटर चालल्यावर चाके थंड होऊ द्या आणि पाना परत लावा. चकतीला स्वतःचे स्टड असतील तर चाक काढून आतले चार नटही तपासा. ते वरून दिसत नाहीत, म्हणून नेमके तेच राहून जातात.