स्नातकाचे स्नान आणि खिडकीवरची पदवी

(शेंद्रा येथे कामगार, विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



शेंद्रा हे नाव पूर्वी पंचक्रोशीत मांगीरबाबांच्या यात्रेमुळे ठाऊक होते. आज ते कारखान्यांमुळे सर्वदूर पोहोचले आहे. २००१ पासून येथे स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे जालना रस्त्याच्या कडेने उद्योगांची रांग उभी राहिली आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये 'ऑरिक' या औद्योगिक नगरीच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. या कारखान्यांत पाळ्यांमध्ये राबणाऱ्या तरुणांत पदवीधर थोडे नाहीत. त्यांतील कित्येक जण आपापल्या घरातले पहिलेच पदवीधर आहेत. अशा तरुणाला सहज विचारून पाहावे, 'पदवी कोणाच्या हातून घेतलीस?' उत्तर बहुधा ठरलेले असते. महाविद्यालयाच्या कार्यालयात गेलो, खिडकीपाशी नोंदवहीत सही केली, कागद घेतला आणि दुपारच्या पाळीला हजर झालो. आईवडिलांनी तो कागद पाहिला तो घरी, प्लॅस्टिकच्या आवरणात.

ज्या समाजाने विद्या पूर्ण होण्याच्या क्षणाला संस्काराचा दर्जा दिला, त्या समाजात हे असे व्हावे, याचा विचार झाला पाहिजे.

'स्नातक' हा शब्द आपण सर्रास वापरतो. त्याचा मूळ अर्थ ज्याने स्नान केले आहे तो. बारा-बारा वर्षे गुरुगृही राहून अध्ययन पुरे केलेल्या ब्रह्मचाऱ्याचा समावर्तन संस्कार होत असे. समावर्तन म्हणजे घरी परत येणे. गृह्यसूत्रांत त्याचे बारीकसारीक वर्णन आढळते. त्या दिवशी सकाळी ब्रह्मचाऱ्याला खोलीत बंद ठेवावे, असे एका सूत्रात सांगितले आहे. कारण काय, तर विद्येने तेजस्वी झालेला हा तरुण बाहेर आला तर सूर्याला आपला अपमान झाला असे वाटेल! विद्यार्थ्याचा याहून मोठा गौरव कोणत्या विद्यापीठाने केला असेल? नंतर पाण्याने भरलेले आठ कलश मांडले जात आणि त्यांतील पाण्याने त्याला स्नान घातले जाई. कमरेची मेखला उतरे. इतकी वर्षे त्याला जे वर्ज्य होते, ते आता त्याच गुरूच्या अनुमतीने त्याला मिळे. नवे वस्त्र, उटणे, माळ, मस्तकावर पागोटे, डोळ्यांत अंजन, हाती आरसा, पायांत पादत्राणे, डोक्यावर छत्र आणि हातात वेळूची काठी. व्रताचे कठोर जीवन संपून कर्तव्याचे जीवन सुरू होत असल्याची ती खूण होती.

पारस्कर गृह्यसूत्राने स्नातकांचे तीन प्रकार सांगितले आहेत. अध्ययन पूर्ण केले पण व्रत पुरे केले नाही तो विद्यास्नातक. व्रत पुरे केले पण अध्ययन अपुरे राहिले तो व्रतस्नातक. दोन्ही पूर्ण केली तो विद्याव्रतस्नातक. आजची गुणपत्रिका यांपैकी फक्त पहिल्याची नोंद ठेवते.

परंतु या संस्काराचा गाभा स्नानातही नव्हता आणि छत्रातही नव्हता. तो होता गुरूच्या अखेरच्या उपदेशात. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत तो आलेला आहे आणि आज अनेक विद्यापीठांत दीक्षान्ताच्या वेळी त्यातील काही वचने वाचली जातात. खरे बोलणे, धर्माने वागणे, स्वाध्याय न सोडणे, आई-वडील, आचार्य आणि अतिथी यांना देवासमान मानणे, हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यापुढचा भाग मात्र फारसा उच्चारला जात नाही. तेथे आचार्य शिष्याला सांगतात की, आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू उचलावीस, इतर नव्हे. क्षणभर थांबून या सांगण्यातील धैर्य पाहावे. वर्षानुवर्षे ज्याने शिकवले, तो निरोपाच्या क्षणी स्वतःच्या उणिवा मान्य करतो आणि शिष्याला स्वतःच्या विवेकावर सोपवतो. दान देताना श्रद्धेने द्यावे, विनयाने द्यावे, असेही तो सांगतो. आजच्या किती व्यासपीठांवरून पहिले वाक्य उच्चारले जाईल?

गुरुदक्षिणेचेही तसेच. कालिदासाने 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात कौत्साची कथा सांगितली आहे. वरतंतू ऋषी म्हणाले, तुझी सेवा हीच दक्षिणा. कौत्साने हट्ट धरला. ऋषी रागावले आणि चौदा विद्यांचे चौदा कोटी मागून मोकळे झाले. कौत्स रघुराजाकडे गेला तेव्हा यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या राजाजवळ मातीचे पात्र उरले होते. तरीही रघूने धन मिळवले आणि सगळेच्या सगळे पुढे ठेवले. कौत्स मात्र ठरलेल्यापेक्षा अधिक घ्यायला तयार होईना. पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज आणि शुल्क भरताना ही कथा आठवली तर हसू यावे की खंत वाटावी?

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. समावर्तनाचे दार सर्वांना उघडे नव्हते. समाजाच्या मोठ्या वर्गाला आणि बहुतांश स्त्रियांना ते बंद राहिले. आपल्या जिल्ह्यातील पैठण ही विद्वानांची नगरी. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्र आणायला याच पैठणला जावे लागले, असे परंपरा सांगते. त्या पत्राची खरी गरज कोणाला होती? ज्ञानेश्वर घराघरांत आहेत. पत्रावर अनुमती देणाऱ्यांची नावे कोणालाही आठवत नाहीत. परंपरेचा अभिमान बाळगताना तिने कोणाला उंबऱ्याबाहेर उभे केले, हेही सांगता आले पाहिजे.

आता आजच्या समारंभाकडे वळू. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्यांच्याबरोबर काळा झगा, खांद्यावरून पाठीवर सोडलेली रंगीत पट्टी आणि चौकोनी टोपीही आली. युरोपातील जुनी विद्यापीठे धर्मपीठाच्या छायेत वाढली. तेथील अध्यापक आणि विद्यार्थी धर्मोपदेशकांचाच पेहराव करीत, आणि दगडी, थंड इमारतींत तो अंगभर झगा उपयोगीही पडे. चौकोनी टोपीला तर इंग्रजीत गवंड्याच्या चुना ठेवण्याच्या पाटीचेच नाव आहे. त्यांच्या भूमीत ती त्यांची परंपरा आहे आणि तेथे ती शोभते. मराठवाड्याच्या उन्हात ती कोणासाठी, एवढाच प्रश्न आहे.

मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ मध्ये बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले. झगा परकीय होता, समारंभाची भाषाही परकीय होती, पण ती पदवी घेऊन या मंडळींनी काय केले ते महाराष्ट्र जाणतो. म्हणून वस्त्राची चर्चा करताना तिला तिच्या मापानेच ठेवावे.

भाषेची चर्चा अधिक मोलाची आहे. १९३७ साली कलकत्ता विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीतून भाषण केले. तोवर त्या व्यासपीठावरून इंग्रजीच ऐकू येत असे. रवींद्रनाथांना निमंत्रण देणारे तरुण कुलगुरू होते डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी. त्याही आधी, १९१६ मध्ये, महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, ते मातृभाषेच्या माध्यमाचा आग्रह धरून. त्यांनी पदव्यांनाही आपली नावे दिली. बी.ए.च्या जागी 'गृहीतागमा', एम.ए.च्या जागी 'प्रदेयागमा'. पहिली ती, जिने विद्या ग्रहण केली. दुसरी ती, जी विद्या देऊ शकते. शिकण्याचे पुढचे पाऊल शिकवणे हे आहे, हे एका शब्दात सांगणारी पदवी आज कोठे मिळते? 'पदवीदान' या आपल्या रूढ शब्दाकडेही जरा पाहावे. पदवी काय दान म्हणून मिळते? ती कष्टाने मिळवली जाते आणि समाजासमोर प्रदान केली जाते.

या भूमीत तर पदवीची किंमत तरुणांनी वेगळ्याच नाण्यात मोजली आहे. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातील उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते आणि माध्यम उर्दू होते. १९३८ मध्ये येथील इंटरमिजिएट कॉलेजातील आणि हैदराबादेतील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटले. त्यावर बंदी आली, त्यांनी ती मानली नाही, आणि ते महाविद्यालयांतून काढले गेले. क्षमापत्र लिहून परतण्यापेक्षा अनेकांनी शिक्षण सोडणे पत्करले. त्या वेळी त्यांना दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू टी. जे. केदार यांनी या बहिष्कृत मुलांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच मुलांपैकी एक. एका गीतासाठी ज्यांनी पदवीवर पाणी सोडण्याची तयारी दाखवली, त्यांना 'व्रतस्नातक' म्हणायला कोणत्या सूत्राची आडकाठी येईल?

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली याच शहरात महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिळालेले 'मिलिंद' हे नाव त्या राजाचे, जो भिक्षू नागसेनाशी वादाला बसला आणि शिष्य होऊन उठला. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याच्या नावाशी बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. ज्यांच्या पूर्वजांना समावर्तनाचे दार बंद होते, त्यांच्या मुली आज या विद्यापीठाची पदवी घेतात. परंपरा अशीच पूर्ण होत असते.

वेष बदलण्याचे वारे आता सर्वत्र आहेत. २०१० मध्ये भोपाळच्या एका समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच झगा उतरवला होता. तेव्हा हा विषय काही एका पक्षाचा नाही. २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभासाठी हातमागाचे वस्त्र वापरण्यास सुचवले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या वैद्यकीय संस्थांना स्थानिक परंपरेला साजेसा वेष ठरवण्यास सांगितले. पैठणी आणि हिमरू ज्या जिल्ह्यात विणली जाते, तेथे उपरण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. विणकरालाही चार पैसे मिळतील. मात्र पागोटे आले आणि उपदेश गेला, असे झाले तर काळ्या झग्याने काय घोडे मारले होते?

खरी अडचण संख्येची आहे. लाखो पदवीधरांना एका मांडवात बोलावणे कोणत्याही विद्यापीठाला शक्य नाही. म्हणून मुख्य समारंभ सुवर्णपदकांचे आणि विद्यावाचस्पतींचे मानकरी यांच्यापुरता उरतो. इतरांची प्रमाणपत्रे महाविद्यालयांकडे जातात आणि तेथे पदवी वितरणाचा कार्यक्रम अपेक्षित असतो. काही ठिकाणी तो मनापासून होतो. काही ठिकाणी छायाचित्रापुरता होतो. उरलेल्या ठिकाणी खिडकी असते.

काम करायचे ते येथे. शंभर-दोनशे मुलांचा समारंभ महाविद्यालयाच्या प्रांगणात होऊ शकतो. त्याला मोठे पाहुणे लागत नाहीत. ज्या शिक्षकाने तीन वर्षे शिकवले, त्याने नाव पुकारावे, त्यानेच प्रमाणपत्र हाती द्यावे आणि दोन मिनिटे मराठीत सांगावे की, आमचे चांगले तेवढे घ्या. मुलाने उभे राहून सर्वांसमोर एक प्रतिज्ञा म्हणावी. आईवडिलांची जागा पहिल्या रांगेत असावी. बहुतेकांनी असे व्यासपीठ जन्मात जवळून पाहिलेले नसते. माजी विद्यार्थी आणि संघटनेचे कार्यकर्ते खुर्च्या मांडण्यापासून पालकांना आणण्यापर्यंतची जबाबदारी घेऊ शकतात.

अडचण एकच उरते. समारंभ असतो सकाळी आणि पाळी सुरू होते सातला. शेंद्र्यातील कारखान्यांच्या व्यवस्थापकांपैकी काही जण आज येथे उपस्थित आहेत. आपल्याकडील ज्या कामगाराचे, किंवा ज्याच्या मुलामुलीचे नाव पदवी वितरणाच्या यादीत असेल, त्याला त्या दिवशी पाळी बदलून द्यावी, एवढी विनंती त्यांना आहे.