केमिस्ट्रीची डिग्री आणि कर्जाचा हप्ता

(नेरूळ येथे बारावी आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेहनत करा, मोठी स्वप्नं बघा, हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतात. मी तळोजा एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, आकडे तपासणं हेच माझं काम. तेव्हा आज आकड्यांचंच बोलू. बीएस्सी केमिस्ट्री कर्ज काढून करावी का?

समजा, एखाद्या खासगी विद्यापीठात वर्षाची फी एक लाख आहे. तीन वर्षांचे तीन लाख तुम्ही बँकेकडून दहा टक्क्यांनी घेतले. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष सहसा हप्ता नसतो. घरच्यांना वाटतं, कर्ज झोपलंय. ते झोपत नाही. नुसतं सरळव्याज धरलं तरी चौथं वर्ष संपताना तीन लाखांचे ३ लाख ९० हजार झालेले असतात. ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ६,५०० रुपये, एकूण ५ लाख ४४ हजारांच्या आसपास.

आता पहिला पगार हातात १८ हजार धरा. आमच्या पट्ट्यात काँट्रॅक्टवर याहून कमीत राबणारी पोरंही मी रोज बघते. एक तृतीयांशाहून जास्त पगार हप्त्यातच गेला. उरलेल्यात भाडं, डबा, लोकलचा पास आणि अम्मीचं औषध. माझा साधा नियम आहे, हप्ता पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे ३,६०० रुपये. याच हिशोबाने मूळ कर्ज दीड-पावणेदोन लाखांच्या आत राहायला हवं.

आणि मुंबई विद्यापीठाच्या अनुदानित कॉलेजात हीच बीएस्सी वर्षाला काही हजारांत होते. आमच्याकडे मुलाखतीत मी टायट्रेशन विचारते, एचपीएलसीवर पीक का पसरला ते विचारते. कॉलेजची इमारत किती मजली होती, हे आजवर कुणाला विचारलं नाही.

पगार कधी वाढतो, हे कॉलेजवाले सांगत नाहीत. औषध कायद्याच्या नियमांप्रमाणे, केमिस्ट्री मुख्य विषय घेऊन बीएस्सी झालेल्याला ठरावीक अनुभवानंतर अन्न व औषध प्रशासनाची ‘मान्यताप्राप्त केमिस्ट’ म्हणून मंजुरी मिळू शकते. त्या कागदावर कंपनीचा परवाना टिकून असतो, म्हणून त्या माणसाला किंमत असते. पहिली दोन-तीन वर्षं पगाराकडे कमी आणि अनुभवाच्या दाखल्याकडे जास्त बघा. नोकरी बदलताना तो दाखला सही-शिक्क्यासह हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या २०२३ च्या जाहिरातीत बीएस्सी प्रशिक्षणार्थींना पहिल्या वर्षी महिना २४ हजार विद्यावेतन होतं, आणि साठ टक्क्यांची अट. शिकताना पैसे मिळतात, द्यावे लागत नाहीत. तरी आपल्या मोहल्ल्यात त्याचे फॉर्म भरणारे मला फार दिसत नाहीत.

कर्ज काढायचंच तर एमएस्सीसाठी काढा, तेही माटुंग्याच्या आयसीटीसारख्या किंवा जॅम परीक्षेतून मिळणाऱ्या आयआयटीसारख्या ठिकाणी. त्यानंतर नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार आहेत. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली, तिच्या भरवशावर कुणी राहू नये. पीएम-विद्यालक्ष्मीची व्याजसवलत निवडक संस्थांपुरतीच आहे. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज बँकेपेक्षा बरंच कमी असतं, पण आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाआधी विचारा.

व्याजाचा प्रश्न निघतोच. काही घरांत बँकेचं कर्ज नको म्हणतात. त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करते. पण मग अम्मीच्या बांगड्या विकल्या जातात, मामूंकडून उसने घेतले जातात, आणि ती रक्कम कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. व्याज नसलं तरी ते कर्जच. लिहून ठेवा. कमी फीचं कॉलेज निवडलं तर बँकही नको आणि बांगड्याही नकोत.

आता मुलींबद्दल. आमच्या घरी भावाच्या इंजिनिअरिंगला कर्ज निघालं. माझ्या वेळी खाला म्हणाल्या, मुलीच्या नावावर कर्ज म्हणजे सासरी कर्ज पाठवणं. मी अनुदानित कॉलेजात शिकले, कर्ज लागलं नाही, आज लॅबमध्ये माझ्या हाताखाली सहा जण आहेत. पण ज्या मुलीला आयसीटीत जागा मिळालीय, तिला “तुझ्यासाठी कर्ज कशाला” म्हणणारे भावासाठी विचार न करता सही करतात. दोघांना एकच गणित लावा. तिचा हप्ता तिच्या पगारातून जाईल, लग्नानंतरही. हे सासरच्यांना निकाहच्या आधी स्पष्ट सांगायचं, मेहेरसारखंच.

ज्यांचे बीफार्म किंवा इंजिनिअरिंगचे पर्याय खुले आहेत, त्या मुलींनी एक लक्षात ठेवा. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून राज्यात शिक्षण शुल्क माफ आहे. जातीचा दाखला अजून काढला नसेल तर या आठवड्यात तहसीलला जा.

आता वह्या काढा. कुणी कुठे प्रवेश घ्यायचं ठरवलंय आणि फी किती, ते सांगा. एकेकाचा हप्ता इथेच काढू.