पत्त्यांतील पडता काळ

2003 साली अमेरिकेतील लास व्हेगास शहरी पोकर या पत्त्यांच्या खेळाची जागतिक स्पर्धा भरली होती. 1970 पासून भरत आलेल्या या स्पर्धेच्या मुख्य फडाचे प्रवेशमूल्य त्या वर्षी 10,000 डॉलर होते. 839 खेळाडू बसले, आणि त्या सर्वांना मागे टाकून पहिला आला तो टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस. हा गृहस्थ धंदेवाईक जुगारी नव्हता. दिवसा कचेरीतील जमाखर्च पाहावा आणि फावल्या वेळी संगणकावर पत्ते खेळावेत, असा त्याचा क्रम. शंभर डॉलरांहून कमी रक्कम भरून तो एका लहानशा चढाओढीत शिरला, पायरीपायरीने मुख्य फडाची जागा मिळवली आणि 25 लक्ष डॉलर घेऊन घरी गेला. त्याच्या आडनावाचा अर्थ 'पैसे करणारा' असा होतो. कादंबरीकाराने असे नाव योजले असते तर टीकाकारांनी त्याला हसण्यावारी नेले असते. पण ते त्याचे खरेच आडनाव आहे.

या विजयानंतर कारकून, अभियंते, दुकानदार अशा हजारो माणसांना वाटू लागले की, नोकरी सांभाळून हा खेळ आपल्यालाही साधेल. पणजीसमोर मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो-नौकांवरही पोकरची मेजे मांडलेली असतात. घरबसल्या पैसे लावून हा खेळ संगणकावर खेळण्यास आपल्या देशात 2025 च्या कायद्याने मनाई झाली. खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा भेद त्या कायद्याने राखलेला नाही. तथापि कायदा पैजेला आवर घालू शकतो, पैज लावणाऱ्याच्या मनाला नव्हे. जिंकणाऱ्या हिशेबनिसाची छायाचित्रे सर्वत्र छापली जातात. परंतु सलग तीन महिने हरत असलेला एखादा हिशेबनीस मध्यरात्री जिना चढून घरी येतो तेव्हा त्याच्या मनात काय चालते, याची वार्ता कोणी देत नाही.

सध्या सर्वत्र रूढ असलेल्या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि मेजावर सर्वांची मिळून पाच पाने उघडली जातात. पाने कळत जातात तसतशा पैजा वाढवायच्या किंवा डाव सोडून द्यायचा. हाती दोन एक्के येणे हे सर्वांत मोठे भाग्य; ते सरासरीने 221 डावांतून एकदा लाभते. आता समजा, एकाच्या हाती एक्क्यांची जोडी आणि दुसऱ्याच्या हाती राजांची जोडी आहे, आणि दोघांनी आपले सर्व द्रव्य पणाला लावले. एक्केवाल्याने चूक अशी कोणतीच केलेली नाही. तरीही शंभरांत सुमारे 18 वेळा तो हरतो. असे लागोपाठ दोनदा होण्याचा संभव तीस-एकतीस वेळांत एक. रेल्वेच्या फाटकावर गाडीसाठी थांबावे लागण्याइतकी ही साधी गोष्ट आहे. पण ज्याच्यावर ती ओढवते, त्याला ती ब्रह्मांडाने आपल्याविरुद्ध केलेली मसलत वाटते.

येथे थोडे अंकगणित केलेच पाहिजे. आठवड्यातून एक रात्र खेळणाऱ्याचे रात्रीत सुमारे 100 डाव होतात, वर्षाचे 5,000. प्रत्येक डावाच्या आरंभी सक्तीने लावावयाची जी मूळ पैज असते, ती माप म्हणून घेऊ. आपला खेळाडू खरोखरच निपुण आहे आणि दर शंभर डावांमागे तो सरासरीने पाच मूळ पैजा कमावतो, असे धरू. परंतु या खेळातील चढउतार दांडगा असतो. शंभर डावांत तो सुमारे 90 मूळ पैजांचा धरणे वावगे नाही. मग वर्षाची अपेक्षित कमाई झाली 250, आणि वर्षाचा चढउतार निघतो जवळजवळ 640. याचा अर्थ असा की, या निपुण माणसाचेही वर्ष तोट्यात जाण्याचा संभव शंभरांत 35 आहे. सरासरीने तीन वर्षांत एक वर्ष! दहा वर्षे नेमाने खेळूनही एकंदरीत तोट्यातच राहण्याचा संभव शंभरांत सुमारे 11 उरतो. कमाई डावांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते आणि चढउतार मात्र त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून निपुणता शेवटी वर येते खरी, पण फार सावकाश. ज्या देशांत परवानगी आहे तेथील धंदेवाईक खेळाडू संगणकावर एकाच वेळी अनेक मेजे मांडून महिन्यात 50,000 डाव उरकू शकतो. फावल्या वेळच्या खेळाडूला तेवढ्या डावांना दहा वर्षे लागतात. एकाचा पडता काळ महिन्यात सरतो, तर दुसऱ्याच्या त्याच पडत्या काळात मुलगा प्राथमिक शाळेतून महाविद्यालयात जातो.

हे सर्व निपुणाविषयी झाले. जुगाराच्या अड्ड्यावर ज्याला नाल म्हणतात, तो जागेच्या मालकाचा हिस्सा डावाडावांतून निघतच असतो. सारख्या तोडीची माणसे एका मेजाशी बसली तर मालक तेवढा जिंकतो, बाकीचे सर्व हळूहळू हरतात. तेव्हा हरणाऱ्याने 'माझे दैव फिरले आहे' असे म्हणणे पुष्कळदा खोटे असते. आणि अडचण अशी की, निपुण पण दुर्दैवी माणूस व सुमार बुद्धीचा माणूस यांच्या वह्या दोन-तीन वर्षे एकसारख्याच दिसू शकतात.

हरण्याच्या काळात पहिली भूल पडते ती पानांना स्मरणशक्ती आहे असे मानण्याची. 18 ऑगस्ट 1913 रोजी मॉन्टे कार्लोच्या जुगारगृहात चक्रावर काळा रंग लागोपाठ 26 वेळा आल्याची नोंद प्रसिद्ध आहे. 'आता तांबडा आलाच पाहिजे' असे म्हणत लोकांनी पैजा वाढवल्या आणि ते धुऊन निघाले. चक्राला मागील फेरीचे काही देणे नसते. पिसलेल्या पत्त्यांनाही नसते.

दुसरी भूल अधिक खोल आहे. या खेळातले लोक तिला 'टिल्ट' म्हणतात. जुन्या करमणूकगृहांत गोळ्या उडवण्याची यंत्रे असत; खेळाडू चिडून यंत्र हलवू लागला की ते अडकून पडे आणि त्यावर तो शब्द उजळे. त्या यंत्रावरूनच हा शब्द पत्त्यांत आला. एक्के हरलेला माणूस पुढील अर्धा तास असाच हललेला असतो. एरवी सोडून दिली असती अशी पाने तो धरून ठेवतो, समोरच्याने फसवलेच आहे अशी त्याची खात्री असते, आणि दैवाने नेलेल्या शंभर रुपयांच्या पाठोपाठ तो स्वतःच्या हाताने हजार रुपये पाठवून देतो. डॅनियल काह्नमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की, तोट्याचे दुःख तेवढ्याच नफ्याच्या सुखाहून मोठे असते आणि तोट्यात असलेला माणूस एरवी पत्करणार नाही असे साहस पत्करतो. घोड्यांच्या शर्यतीत दिवस सरत येतो तसतशा दुबळ्या घोड्यांवरील पैजा वाढतात, हे निरीक्षणही त्यांनी तेथे दिले आहे. मुंबई-पुण्याच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यासाठी निबंध वाचावयास नको.

ज्यांना हा काळ निभावता येतो ती माणसे थंड रक्ताची असतात असे नाही. ती तारीखवार वही ठेवतात, आणि तीत केवळ रक्कम न लिहिता, एखादा मोठा डाव का खेळलो याचे कारणही लिहितात. मग दोन दिवसांनी, शांत चित्ताने, एखाद्या जाणत्या मित्रापुढे ते पान ठेवतात. एक्क्यांचा डाव हरला तरी तेथे त्यांना दोष दिसत नाही. भिकार पानांवर जिंकलेला डाव मात्र लाजिरवाणा वाटतो. खेळाचे पैसे घरखर्चाच्या पैशांपासून वेगळे, आणि ते अर्ध्यावर आले की पैजही अर्ध्यावर. यात अभिमान गिळावा लागतो, कारण कालच्या बरोबरीच्या लोकांना सोडून नवशिक्यांच्या मेजाशी जाऊन बसावे लागते.

पगारी माणसाला येथे एक सोय आहे आणि तीच त्याचा घात करते. धंदेवाईकाचे भांडवल संपले की त्याला थांबावेच लागते. नोकरदाराच्या खिशात दर पहिल्या तारखेला नवे पैसे येतात, त्यामुळे त्याला कोणी थांबवत नाही. महिन्यामागून महिने तो वेतनाचा एकेक तुकडा मेजावर ठेवतो, आणि एकदाही 'बुडाला' असे कोणी म्हणत नाही. ज्या रात्री 'किती गेले?' या पत्नीच्या प्रश्नाला तो प्रथमच खरा आकडा सांगत नाही, त्या रात्रीनंतर वहीतील हिशेबाचाही उपयोग राहत नाही. कारण मग एक वही घरासाठी आणि एक मनासाठी, अशा दोन वह्या चालू होतात.

आपल्याकडे या पडत्या काळाचे नेमके चित्र महाभारतातील नलोपाख्यानात आहे. नळ पुष्कराशी फासे खेळत बसला तो पुष्कळ महिने, आणि सतत हरत गेला. नगरजन व मंत्री दाराशी आले, दमयंतीने विनवले. त्याने मान वर करून पाहिले नाही. त्याच्या अंगात कली शिरला होता, असे व्यासांनी म्हटले आहे. लास व्हेगासचे लोक त्यालाच आपला तो यंत्राचा शब्द लावतील. दमयंतीने मात्र आकडेमोड करीत वेळ दवडला नाही. वार्ष्णेय सारथ्याला बोलावून तिने दोन्ही मुले रथात बसवली आणि विदर्भात, कुंडिनपुरी, आपल्या माहेरी धाडून दिली. राज्य जाण्यापूर्वी केलेली ही व्यवस्था होती.

पुढे बाहुक बनलेल्या नळाला राजा ऋतुपर्णाने वाटेतील बेहड्याच्या झाडाची पाने व फळे न मोजताच किती ते सांगितले. बाहुकाने रथ थांबवला, झाड तोडून फळे मोजून पाहिली, आणि संख्या बरोबर निघाली. अश्वविद्येच्या मोबदल्यात त्याने ती अक्षविद्या घेतली. त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडला, असे कथा सांगते. मंत्राने नव्हे, मोजणीची विद्या शिकून झालेली ही सुटका संख्याशास्त्राच्या अध्यापकांना फार प्रिय आहे. त्यानंतर नळ निषध देशी परतला, पुष्कराला पुन्हा खेळावयास बोलावले आणि एकाच डावात सर्व राज्य परत जिंकले. एवढी विद्या शिकूनही सर्वस्व एकाच डावावर लावणे आजच्या कोणत्याही हिशेबी खेळाडूला मान्य झाले नसते. पण दमयंती तोवर पुष्कळ सोसून चुकली होती, आणि दुसरा डाव मांडण्याची नळालाही इच्छा नसावी.