हॉकीच्या मुलींना शिकवणार कोण?

आज मी हॉकीबद्दल बोलणार आहे. ‘आम्हाला काय त्याचं?’ म्हणून रेडिओ बंद करू नका. हातातलं काम चालू ठेवा, पण ऐका. ही गोष्ट खेळापेक्षा आपल्या मुलींची जास्त आहे.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मुलींचा हॉकी संघ आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी त्याच संघात खेळायचे. मुरमाचं मैदान, गुडघे कायम खरचटलेले. आता त्या संघाची अवस्था वाईट आहे. दोन वर्षांत एकही सामना जिंकलेला नाही. दिवाळीनंतर सरांना दुसरीकडे कायमची नोकरी लागली आणि ते गेले. त्यांना दोष कसा द्यायचा? तासावर मिळणाऱ्या मानधनात घर चालत नाही. मैदानात अकरा जणी लागतात, आमच्याकडे नऊ उरल्या. कॉलेजने सांगितलं, जूनपर्यंत प्रशिक्षक मिळाला तर ठीक, नाहीतर संघ बंद. शोध घ्यायला समिती नेमली, तिच्यात जुनी खेळाडू म्हणून मलाही घेतलं.

आम्ही जाहिरात दिली. राष्ट्रीय पातळीवर खेळलेला हवा, पदविका हवी, अनुभव हवा. तीन अर्ज आले. मानधनाचा आकडा ऐकून दोघे पुन्हा फिरकले नाहीत. तिसऱ्यांनी विचारलं, “स्पर्धेच्या आधी चार दिवस आलो तर चालेल का?”

त्या दिवशी आमची गोलकीपर मला म्हणाली, “ताई, कसे सर हवेत ते आम्हाला कुणी विचारलंच नाही.” मला लाज वाटली. खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. मग नऊ जणींना नऊ चिठ्ठ्या दिल्या. नाव घालू नका, मनातलं लिहा म्हटलं.

‘आम्हाला जिंकून द्या’ असं एकीनंही लिहिलं नव्हतं. एकीनं लिहिलं, ‘सराव वेळेवर सोडावा, साडेसहानंतर आमच्या गावाला एसटी नाही.’ दुसरीनं, ‘एकदा घरी येऊन बाबांशी बोलावं.’ तिसरीनं, ‘पाळीत पोट दुखत असेल तर नाटक करते म्हणू नये.’ चौथीनं, ‘गोलकीपरला नुसतं पॅड बांधून उभं करू नये, तिलाही शिकवावं.’ ही चिठ्ठी कुणाची ते सांगायला नको! आणि एकीनं लिहिलं होतं, ‘बाहेरगावी सामन्याला जाताना बरोबर एक बाई असाव्यात.’ ती मी दोनदा वाचली.

मैत्रिणींनो, या शेवटच्या चिठ्ठीबद्दल एक माहिती लक्षात ठेवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि सरावाच्या जागाही धरल्या आहेत. तक्रार करणारी तिथं नोकरीलाच असली पाहिजे, असं नाही. तुमच्या मुलीच्या कॉलेजात तक्रार समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हे विचारायला संकोच करू नका. प्रशिक्षक नेमण्याआधीच विचारा.

आता तुम्ही म्हणाल, एका माणसानं एवढा काय फरक पडतो? हरियाणात शाहाबाद मार्कंडा नावाचं छोटं गाव आहे. तिथं बलदेव सिंग नावाच्या प्रशिक्षकांनी वर्षानुवर्षं मुलींना हॉकी शिकवली. एका गाडीवाल्याची मुलगी, राणी रामपाल, त्यांच्याकडेच घडली आणि पुढे भारताची कर्णधार झाली. त्या गावातून कितीतरी मुली देशासाठी खेळल्या.

आपल्या राष्ट्रीय संघाचंच बघा. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये बारा संघांत आपण शेवटचे होतो. २०१७ मध्ये शोर्ड मरिन हे डच प्रशिक्षक आले. त्याच वर्षी त्यांना पुरुषांच्या संघाकडे पाठवलं, २०१८ मध्ये परत मुलींकडे आणलं. त्यानंतर मात्र ते टोकियोपर्यंत टिकले. २०२१ मध्ये राणीच्या संघानं ऑस्ट्रेलियाला हरवून उपांत्य फेरी गाठली. ब्रॉंझसाठीचा सामना ब्रिटनशी ४-३ असा हरला, पण चौथा नंबर आला. मुली कष्टाळू होत्याच. पण शिकवणारा माणूस एका जागी राहिला, याचाही त्यात वाटा होता, असं मला वाटतं.

म्हणून आम्ही जाहिरात बदलली. आता पहिली अट ही, की निदान दोन वर्षं राहायचं. दुसरी, आठवड्यात चार दिवस मैदानावर यायचं. तिसरी, प्रत्येक मुलीच्या घरी एकदा तरी जायचं. पदकं नंतर बघू. कॉलेजनेही थोडं मानधन वाढवायचं कबूल केलं आहे, आणि एसटीच्या वेळेप्रमाणे सराव अर्धा तास अलीकडे घेतला आहे.

आणि आता तुमच्याशी बोलायचं कारण. हा कार्यक्रम ऐकणाऱ्यांत कुणीतरी अशी नक्की असेल, जी शाळा-कॉलेजात हॉकी खेळली आणि लग्नानंतर स्टिक माळ्यावर टाकली. बाई गं, आम्ही तुलाच शोधतो आहोत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रशिक्षणाचा कोर्स असतो. पात्रतेची चौकशी करून तोही करता येईल. ‘आता या वयात?’ म्हणू नकोस. मी सुद्धा पंचेचाळिशी ओलांडली आहे. गेले तीन रविवार मी मैदानावर जाते. धावता येत नाही, पण स्टिक कशी धरायची ते हात विसरले नव्हते.

गेल्या रविवारी नऊच्या दहा झाल्या. एकीची धाकटी बहीण आली. अकरावीची जागा अजून रिकामी आहे, आणि प्रशिक्षकाचीही. जून यायला अजून थोडे दिवस आहेत.

तुमच्या ओळखीत कुणी असेल तर केंद्रावर निरोप द्या.