जंतूंची ओळख आणि संगणकाची चाळणी



लेकराला रक्ताची आव पडू लागली की घरातल्यांचा जीव टांगणीला लागतो. या आवेचे एक मोठे कारण म्हणजे शिगेला नावाचा जंतू. जपानच्या कियोशी शिगा यांनी तो १८९७ साली शोधला. सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी त्यावर जगभर सर्रास मिळणारी लस आजही नाही. असे का व्हावे?

शिगेलाच्या जाती चार, पण त्यांचे पोटप्रकार पन्नासच्या आसपास. एकाशी लढायला शिकलेले शरीर दुसऱ्याला ओळखेलच असे नाही. म्हणून सर्वांत समान असलेला भाग शोधावा लागतो, आणि तेथे संगणक उपयोगी पडतो. या जंतूचा जीनोम, म्हणजे त्याची संपूर्ण आनुवंशिक माहिती, चाळीस लाखांहून अधिक अक्षरांची असते. ती वाचून संगणक प्रथिनांची यादी करतो. जंतूच्या पृष्ठभागावरची प्रथिने ठेवतो, सर्व प्रकारांत न आढळणारी वगळतो, माणसाच्या प्रथिनांसारखी दिसणारीही वगळतो.

ही वाट चालून पाहिलेली आहे. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंगोकोकस-बी जंतूवर रिनो राप्पुओली व सहकाऱ्यांनी हीच पद्धत वापरली. संगणकाने सुमारे ६०० प्रथिने सुचविली. त्यांतील सुमारे ३५० प्रयोगशाळेत तयार करून उंदरांवर तपासली. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले आणि लसीला युरोपात मान्यता मिळाली ती २०१३ साली. मधली तेरा वर्षे कशात गेली? पडताळणीत! संगणक उमेदवार सुचवितो, पण ते खरे की खोटे हे प्रयोगच ठरवितो.

पालकहो, म्हणूनच एक विनंती. "डॉक्टरकीकडे जायचे, मग गणित कशाला?" असे म्हणून मुलींचे गणित सोडवू नका. उद्याची लस जीवशास्त्र आणि गणित दोन्ही जाणणाऱ्यांच्या हातून घडणार आहे. त्या हातांत आपल्या मुलामुलींचेही हात असावेत.

तोवर पाणी उकळून प्या, जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा, आणि शौचात रक्त दिसताच मुलाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्या.