दोन खेळांची मुलगी

आमच्या वसईतल्या गिरीजला हिरा डोंगरीच्या पायथ्याशी मुलं संध्याकाळी क्रिकेट खेळतात. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्यात माझी मुलगीही असायची. शाळेच्या खो-खो संघातही ती होती. नववीत गेल्यावर मी तिला बजावलं, "दोन डगरींवर पाय ठेवू नकोस. एक काय ते धर." तिनं खो-खो सोडला. वर्षभरात क्रिकेटही सुटलं.

ही चुटपुट पुन्हा जागी झाली ती जेमिमा रॉड्रिग्जमुळे. जेमिमाचं कुटुंब भांडुपचं. खेळाची सोय बरी म्हणून ते वांद्र्याला राहायला आलं. तिच्या सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट शाळेत वडील इव्हान हेच प्रशिक्षक. तिथला मुलींचा क्रिकेट संघ त्यांनीच सुरू केला. पुढे ती रिझवी कॉलेजात गेली. पण क्रिकेटसाठी तिनं हॉकीची स्टिक लगेच खाली ठेवली नाही. महाराष्ट्राच्या १७ आणि १९ वर्षांखालील हॉकी संघांतून ती खेळली. क्रिकेटमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये तिनं मुंबईच्या १९ वर्षांखालील संघाकडून सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ धावा केल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये, सतराव्या वर्षी, ती भारताकडून खेळली.

हॉकी मागे पडली खरी. पण तिचं मनगट वळवून मारणं आणि चपळ धावणं पाहिलं, की ती मेहनत वाया गेली असं मला तरी वाटत नाही.

पुढची वाटही सरळ नव्हती. २०२२ च्या विश्वचषकासाठी तिची निवड झाली नाही. २०२५ च्या विश्वचषकातही एका सामन्यात तिला बाहेर बसावं लागलं. मग ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामना झाला. हव्या होत्या ३३९ धावा. तिसऱ्या क्रमांकावर आलेली जेमिमा १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा करून, सामना जिंकूनच परतली. तीन दिवसांनी भारतानं विश्वचषकही जिंकला.

त्या रात्री मुलीचा फोन आला. "बाबा, पाहिलंत ना?" एवढंच म्हणाली. मला पुढं बोलवेना.

आता नात फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळते. परवा जावई म्हणाले, "हिला आता एकच खेळ निवडायला हवा." मी म्हटलं, "निवडेल की! पण तिची ती, आणि तिला वाटेल तेव्हा."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)